दोन बोटं

जांभळी नाक्यावर हकीमुद्दीनच्या दुकानात
मी करवत आधी ऐकतो.
पात्याला नखानं टिचकी मारायची.
चांगलं पोलाद लांबवर बोलत राहतं,
वाईट पोलाद ठक् करून गप्प बसतं
उधारी मागितलेल्या पाहुण्यासारखं.

मग टोक मुठीपर्यंत वाकवायचं आणि सोडायचं.
केसभर बाक राहिला
तर ती जन्मभर रेघ सोडून चालणार.
मग एक डोळा मिटून दात्यांच्या रांगेत बघायचं,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
फाक सारखी नसली की ओल्या सागात चावते.
हकीमुद्दीन म्हणतो,
पांचाळशेट, करवत घेताय का जावई बघताय?

बाविसाव्या वर्षी घेतलेली अजून आहे माझ्याकडे.
कानस मारमारून पातं चार बोटं उरलंय,
मुठीला माझ्या घामाचा रंग.
भरवसा म्हणजे मला एवढंच ठाऊक,
झिजेल, पण मोडणार नाही.

आणि ही ऋजुता.
नाव ठेवलं सरळपणाचं, पोरगी निघाली वळणांची.
पहाटे येऊरला जाते,
डांबरी रस्ता सोडून मुळं, दगड, घसारा शोधते
आणि उतारावर सायकल घालते.
सायकल माझ्या दोन कपाटांच्या किमतीची.
म्हणाली, बाबा, हेल्मेट घ्यायचंय, चला,
तुम्हाला वस्तू कळते.

पाचपाखाडीत डिमेलोचं दुकान.
मी हेल्मेटला टिचकी मारली.
आवाजच नाही.
वजन नाही, आत थर्माकोल,
म्हटलं, टीव्हीच्या खोक्यात येतं ते हेच ना?
डिमेलो हसला नाही.
म्हणाला, काका, हे एकदाच कामाला येतं.
आपटलं की फुटायचं, फुटलं की टाकायचं.

सहा हजार रुपये.
फुटायचे.

मग माप.
पट्टा न लावता मान हलवा, जागचं हलता कामा नये.
कड भुवईच्या वर दोन बोटं.
मी बोटं पुढे केली
आणि तिघंही थांबलो.
माझी तर्जनी एका पेरानं कमी आहे.
वागळे इस्टेट, दोन हजार नऊ,
जाड फळी जात नव्हती म्हणून
गोल करवतीचं गार्ड काढलं होतं, दहा मिनिटांपुरतं.
ऋजुता म्हणाली, माझी लावते.
तिची दोन बोटं तिच्याच कपाळावर.
गुडघ्याचे पॅड, कोपराचे, हातमोजे,
मी किंमत विचारली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी ती दारात आली
चहा मागत.
एका कोपराच्या पॅडला माती, ओठ फुटलेला,
हेल्मेट हातात.
डाव्या कानाच्या वर तडा,
सुतासारखा बारीक, आतपर्यंत.
मी उजेडात धरून बघत बसलो.
चहा तिनंच केला.

म्हणाली, कापून टाका बाबा.
नाहीतर कचऱ्यातून कुणीतरी उचलेल,
पोराच्या डोक्यावर घालेल.

जुनी करवत काढली.
साग, शिसम, आंबा, एकदा कुणाच्या तरी देव्हाऱ्याचा उंबर,
बत्तीस वर्षांत एवढं कापलंय हिनं.
हे कापताना चिरकली.
भुसा पडलाच नाही,
पांढरे दाणे दात्यांना चिकटले,
फुंकले तरी हटेनात.
चार तुकडे केले.
कानावरचा तेवढा ठेवलाय
खिळ्यांच्या डब्याशेजारी.

रात्री कळव्याच्या वर्कशॉपात माळ्यावर चढलो.
माझ्या स्वतःच्या मशीनचं गार्ड,
आणलं त्याच दिवशी काढून ठेवलेलं,
बोट गेल्यानंतरची गोष्ट ही, आधीची नव्हे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं.
पुसून लावून बघितलं.
भोकं जुळतात.
एक स्क्रू कमी आहे.

सकाळी हकीमुद्दीनकडे बघतो.