डोळ्याला दिसेल इतकं

नियम एका ओळीचा आहे, वारा.
एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.
निदान माणसाच्या डोळ्याला तसं दिसता कामा नये.
लहान मूल भिंतीला धरून हेच शिकतं
आणि मग जन्मभर विसरून चालतं.
आपण दोघं मात्र सात वर्षं हेच घोकत राहिलो
ओरुरोबाहेरच्या त्या रस्त्यावर,
जिथे पूर्वी तळं होतं आणि आता
होड्या कोरड्या मातीवर कुशीला वळून पडल्या आहेत.

मी पाण्याचे मीटर वाचणारा माणूस.
दारोदार चालणं ही नोकरी, शर्यत हे खूळ.
तू आईच्या गाड्यावरून
जांभळ्या मक्याच्या गरम आपीचे पेले पोचवायचीस
थेंब न सांडता, माझ्यापेक्षा वेगात.
नाव विचारलं, तर म्हणालीस, वारा.
आपल्या आयमारात वारा म्हणजे तारा.
तेव्हाच ओळखायला हवं होतं मी
की हिचे पाय जमिनीवर राहणं कठीण.

लिमा. सकाळचे साडेसात.
चाळीसएक देशांचे झेंडे धुक्यानं ओले, काठीला चिकटलेले.
हवा पेजेसारखी दाट, आपल्या छातीला उगाचच श्रीमंत वाटणारी.
मी टेबलामागे, समोर आठ बाटल्या,
लांबून ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला लाल लोकर.
शेजारी इक्वेडोरचा प्रशिक्षक घड्याळाशी भांडत होता,
कोलंबियाची बाई पुटपुटत होती
प्रार्थना की शिव्या, कळेना.

किलोमीटरचा फेरा, वीस वेळा.
आठव्या फेरीला पिवळी तबकडी, तिच्यावर लाटेसारखी रेघ.
अकराव्या फेरीला फलकावर तुझ्या नंबरापुढे लाल ठिपका.
चौदाव्या फेरीला दुसरा.
तू तिसरी होतीस.
बाटली देताना मी म्हणालो, "हळू."
तू ऐकलंस. तू नेहमीच ऐकतेस.
पाय ऐकत नव्हते.

तिसरा ठिपका. दंडाची जागा. दोन मिनिटं.

पांढऱ्या रेघांच्या आत तू उभी.
बाजूनं एकेक जण जात राहिली,
मेक्सिकोच्या दोघी, मग पेरूची, आणि तिच्यासाठी उठलेला कल्लोळ,
मग ग्वाटेमालाची ती, जिला काल जेवताना तू मीठ दिलंस.
तू खाली बघत होतीस.
दोन्ही पाय टेकलेले, टाचेपासून बोटांपर्यंत,
कुणाला काही म्हणायला जागा नाही असे.
माझ्या मुठीतला बर्फ वितळून बाहीत उतरला.

मला माहीत होतं, वारा.
तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या फोनवर
तुझं चालणं मी संथ करून पाहिलं होतं.
बाराव्या किलोमीटरनंतर, दमल्यावर, तू उचलली जातेस.
दोन्ही बुटांखाली उजेडाची फट,
सुरीचं पातं जाईल एवढी.
दमलेली माणसं खाली बसतात. तू वर जातेस.
मी ते चित्र थांबवलं. पुन्हा पाहिलं.
आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं
कोपर जरा आत घे.
कॅमेऱ्यात सगळेच उडतात, अशी स्वतःची समजूत घातली,
गुन्हा फक्त दिसण्याचा.
पण कारण ते नव्हतं.
अठ्ठावन्न वर्षांत इतकं सुंदर काही
माझ्यामुळे घडलं नव्हतं,
ते माझ्याच हातानं मोडवेना.

अकरावी आलीस.
रात्री क्रीडाग्रामातल्या बेसिनपाशी
मी बाटल्या विसळत होतो, भिजलेली लोकर सोडवत होतो.
केस ओलेच, तू दारात टेकलेली.
"डॉन एलिसेओ, मी खरंच उचलली गेले होते?"
"हो."
"किती?"
कधीपासून, हे तू विचारलं नाहीस.
मी साबणाची दोन बोटं जवळ आणली,
जवळजवळ चिकटतील इतकी.
तू माझं मनगट धरलंस,
एक डोळा मिटलास,
आणि त्या फटीतून खिडकीबाहेरचे दिवे
बघत राहिलीस.