बिनसाखरेचा

प्रयोगाचा चहा सकाळी मीच करते.
कोरा, बिनसाखरेचा, तीनदा गाळलेला,
दिव्याखाली बरोबर त्याच रंगाचा दिसेल असा.
गार झाला की नरसाळ्यानं क्वार्टरमध्ये ओतते.
नरसाळं जुनंच.
तेव्हा तो घोरत असताना
त्यातूनच मी त्याच्या बाटलीत पाणी वाढवायचे,
दोन बोटं, कधी तीन.

परळच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत कडेला बसते.
तो एकटाच सगळे होतो:
बँकेतला साहेब, उधारीवाला शेट्टी,
वॉर्डात पहाटे गेलेला शेजारच्या खाटेवरचा पिंटो,
आणि खांद्यावर नॅपकिन टाकला की मी.
माझा आवाज जरा बारीक काढतो.
इतकी बारीक मी कधीच बोलले नाही.

कुकरच्या प्रसंगाला लोक हसतात.
‘वरणासकट विकला हो, शिट्टी व्हायच्या आत!’
त्यात वरण नव्हतं. मुगाची खिचडी होती,
प्राजूला एकशे दोन ताप होता.
एकदा त्याला म्हटलं तसं.
म्हणाला, ‘वरणाला हशा जास्त येतो, वासंती.’
मग बराच वेळ नखं बघत बसला.
पुढच्या प्रयोगाला वरणच होतं.

हात थरथरतो म्हणून एका रात्री
मीच पेला त्याच्या ओठांना लावला,
वरच्या पेडणेकरांना ओरडा ऐकू जाऊ नये म्हणून.
तो प्रवेश नाटकात नाही.
त्याला आठवत नाही, की आठवतो,
मी विचारलेलं नाही.

शेवटच्या रांगेत मीटिंगमधली माणसं असतात.
टाळ्या उशिरा वाजवतात.
गेल्या रविवारी निळ्या शर्टातला एकजण मध्येच उठला.
लोकांना वाटलं, लघवीला.
समोरच्या परमिट रूमची पाटी मला माहीत आहे,
त्याला तर आहेच.
तो बोलता बोलता थांबला,
वाक्य विसरल्यासारखा,
दार लागल्याचा आवाज येईपर्यंत.
मग पुढचं घेतलं, माझंच:
‘जेवण झाकून ठेवलंय.’
या वेळी आवाज बारीक नव्हता.

नऊ वर्षं झाली. एकशे बारा प्रयोग.
पडदा पडल्यावर बाटली धुवायला मी आत जाते.
धुण्याआधी वास घेते.
चहाचाच असतो.
तरी घेते.
पूर्वी पाठ करून, चोरून घ्यायचे.
आता तोच, तोंडावरचा रंग पुसत,
आरशातून माझ्याकडे न बघता,
बूच काढूनच
बाटली माझ्या हातात देतो.