चाळीस ग्रॅम

सावद्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं
केळीच्या ट्रका मोजल्या मी.
भरलेली वजा रिकामी,
पावती फाड, पुढचा.
दहा किलोच्या खालचं काही
त्या काट्याला दिसायचंच नाही.

आता भुसावळात, ओट्यावर,
तळहाताएवढा काटा आहे
आणि त्यावर भोपळ्याच्या बिया, चाळीस ग्रॅम.
दोन बिया उचलल्या तरी आकडा हलतो.
मीही हलतो.

हेमांगी मालगाडीवर असिस्टंट आहे.
रात्री दोनला फोन येतो.
बडनेऱ्यापर्यंत की त्याच्याही पुढे,
ते गाडीलाही ठाऊक नसतं.
डबा नेते, डबा तसाच परत येतो:
भाकरीच्या कडा वाळलेल्या,
शेवभाजीचा तवंग थिजलेला.
"बाबा, एका हातात मावेल
असं काहीतरी द्या."

पहिल्या खेपेला पाक चढला.
ताटाला धरला तो धरलाच.
उलथनं वाकलं, शेवटी बत्त्याने फोडला.
सुपडू फेगडे दारातूनच म्हणाले,
"काय भो, खदान काढू राह्यला का घरात?"

दुसरी खेप बसलीच नाही.
दोन दिवस चमच्याने खाल्ली.
तिची आई पाक असताना स्वयंपाकघरात येत नाही,
म्हणते, दोघांनी पाहिला की पाक बिघडतो.
एकट्याने पाहिला तरी बिघडतो,
हे मी तिला बोललो नाही.

तिसरी जमली.
पाण्यात थेंब टाकला, वाटीत टणकन वाजला.
तीळ, जवस, शेंगदाणे, खारकेचे काप,
पालच्या बाजारातली चारोळी
(तिच्यासाठी भाव केला नाही, लाज वाटली).
गरम असतानाच पट्टी लावून पाडले
बारा तुकडे, सारख्या वजनाचे.

परत आली ती डोळे चोळत.
"चव एक नंबर. पण बाबा,
सिग्नल दिसला की मोठ्याने म्हणावा लागतो,
आधी मी, मग साहेब.
नांदुऱ्याच्या अलीकडे सिग्नल आला
आणि तुमची वडी दाताला चिकटून बसलेली.
हिरवा म्हणायला गेले
तर हिं, हिं, एवढंच निघालं."
ती हसली.
मी रात्रभर जीभ दातांवरून फिरवत राहिलो.

दाताला सोडेल आणि बियांना सोडणार नाही
असं काय असतं?

गूळ निम्मा केला.
उरलेल्या निम्म्याच्या जागी सुकेळी,
पाट्यावर वाटलेली, काकवीच्या रंगाची.
एकतीस वर्षं केळी माझ्यासमोरून गेली,
टनांनी, हिरवीच, उत्तरेकडे,
आणि वाळली की ती इतकी धरून ठेवते
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
वेळ नव्हता असं नाही.
सुचलं नाही.

कलिंगडाच्या बियाही घातल्या.
उन्हाळ्यात तापीच्या वाळूतलं फळ कापलं होतं,
गच्चीवर बसून ती बिया लांब थुंकत होती,
लहानपणीसारखी, पैज लावून.
मी नंतर वेचल्या, तीनदा धुतल्या, वाळवल्या, सोलल्या.
तिला सांगितलेलं नाही.
अठरा ग्रॅम.

काल डबा रिकामा आला.
कागदाची घडी घातलेली, आत चुराही नाही.
"कुरेशी साहेबांनी चार खाल्ल्या," ती म्हणाली,
"म्हणाले, जवस जरा जास्त होतंय."
आणि बूट न काढताच झोपली.

रात्री पुलावरून मालगाडी गेली,
वॅगन मोजता मोजता मधेच चुकलो.
उठलो. दिवा लावला. काटा शून्यावर आणला.

जवस वीसवरून पंधरा.
तुकडे बाराऐवजी सोळा.
त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही.