डावा घोटा, उजवा गुडघा

माणूस मी पायाकडून वाचतो.
तीस वर्षं मालिश करतोय क्लबात,
वास्कोला, मैदानामागच्या खोलीत,
जिथे एक पंखा आहे, आणि बंदरातली कोळशाची धूळ
पांढऱ्या टॉवेलला पांढरं राहू देत नाही.

हाइको ब्रेंडेल आला तेव्हा चौतिशीचा होता.
मॅनेजर म्हणाला, जर्मन आहे हां, जपून.
मी कोकमतेल तळहातावर वितळवलं
आणि घोट्यापासून सुरुवात केली.

डावा घोटा. वय एकोणीस.
तिसरी डिव्हिजन, डिसेंबर.
मी विचारलं, बर्फावर घसरलास?
म्हणाला, बर्फ मऊ असतो.
ती नुसती थंडी होती. लोखंडासारखी.

त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही.
दोन मोडक्या काठ्या एकमेकींना टेकवून
आम्ही संध्याकाळ उभी करायचो.

नडगी. सतरा टाके.
गावाचं नाव विसरला होता,
मारणाऱ्याचं नव्हता विसरला.
मांडीचा मागचा स्नायू तीनदा फाटलेला,
तीन वेगळे क्लब, तीन भाड्याची घरं,
एक बायको, जी दुसऱ्या घरातच राहिली.

उजव्या गुडघ्यावर मात्र तो गप्प झाला.
अंगठ्याखाली दोराची जुनी गाठ लागावी
तसं काहीतरी होतं तिथे.
मीही विचारलं नाही.
चौथ्या दिवशी, पालथा पडून, उशीत तोंड खुपसून
स्वतःच म्हणाला:
एकदा. वरच्या लीगमध्ये. फक्त एकदा.
एकोणऐंशीव्या मिनिटाला आत पाठवलं.
साठ हजार माणसं.
अकरा मिनिटांत चेंडू चारदा पायाशी आला.
तीन पास मागे दिले, एक पुढे.

पुढचा पोचला?

पोचला. ऑफसाइड होता.

आणि बुधवारी सरावात, कुणीही जवळ नसताना,
हा गुडघा गेला.

आमच्याकडे तो मधोमध खेळला.
चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघायचा,
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
जुवारीत बार्ज वळवताना तांडेल बघतो तसा.
पोरं हसायची. पात्रांव, मागं देवचार आहे काय?
गोल नाही मारला त्यानं. एकही नाही.
पण आनास्तासनं त्या मोसमात नऊ मारले,
आणि ते कुठून सुरू झाले
हे स्कोअरबोर्डवर लिहायला जागा नसते.
आम्ही सातवे आलो.
मे महिन्यात कराराचं पत्र आलं नाही.

शेवटच्या रविवारी त्याला कुडतरीला नेलं, माझ्या मेव्हण्याकडे.
वायंगण कापून झालेलं, शेतात गोलपोस्ट रोवलेले,
बक्षीस एक डुक्कर आणि फेणीचा बुधला.
मेव्हण्याच्या संघात एक माणूस कमी होता.
हाइकोनं बूट काढले, कारण कुणाच्याच पायात नव्हते.

धसकटांवर तो बगळ्यासारखा चालत होता.
बायका पदराआड हसल्या.
मग उन्हं तळ्यावर उतरली
आणि केव्हातरी चेंडू त्याच्याकडे आला.
त्यानं सवयीनं मान वळवली.
मागे कुणी नव्हतं.
डावीकडे बांध, उजवीकडे म्हैस,
इगर्जीची घंटा.
सगळा संघ पुढे धावून गेला होता, डुकराच्या ओढीनं.
चेंडूवर पाय ठेवून तो उभा राहिला.
सगळीकडून ओरडा: दी रे! दी!
तो उभाच.
एवढा वेळ त्याला कुणी कधी दिला नसावा.

आम्ही हरलो, दोन-शून्य.
आंब्याखाली त्याचे तळवे मांडीवर घेऊन
मी सेफ्टीपिनेनं कुसळं काढली.
एक खोल गेलं होतं.
म्हटलं, हे राहू दे, आपोआप वर येईल महिन्याभरात.
त्यानं विचारलं, तेव्हा मी कुठे असेन?
मला वाटलं तारीख विचारतोय.
म्हटलं, मंगळवारचं विमान आहे ना तुझं.