खिळा तोच

कोठी कचेरीत दर पाच वर्षांनी
मला स्टूल आणायला सांगतात.

आमच्या आमदाराच्या एका मताची किंमत
एकशे सत्तेचाळीस.
माझं मत त्यात नाही,
खिळा मात्र माझ्या हातात.

जुनी तसबीर उतरवली.
मागे चौकोनभर पांढरी भिंत,
पालीची दोन अंडी.

साळवीमास्तर शिकवायचे :
राष्ट्रपतींना काढायचं तर चौदा दिवसांची नोटीस,
दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश.
आजवर कुणाला काढलं नाही, म्हणायचे,
तरी कलम पाठ करा.

नवी तसबीर लागली.
साहेब खालून, "जरा डाबी बाजू."
सरकवली.

जुन्या काचेवरची धूळ बाहीने पुसून
माळ्यावर ठेवायला गेलो,
तर तिथे आधीचे तिघं,
भिंतीकडे तोंड करून.
थोडं सरकायला लावलं.