हातचा

शुक्रवारी एकच्या सुमारास नेविल पेस्लिपा वाटतो.
खरं तर त्या फोनवरच येतात,
पण आमच्या शेडमध्ये सिग्नल नाही, म्हणून छापून आणतो
आणि दरवेळी म्हणतो, ओल्या हातांनी धरू नका.

आमचे हात कायम ओले.
डॅफोडिलच्या देठातून चीक गळतो,
मनगटापर्यंत पुरळ चढतं.
दहा कळ्या, एक रबर. दहा कळ्या, एक रबर.
उमललेलं फूल आम्हाला दिसलंच तर
ते नासलेलं म्हणून बाजूला काढायला.

अबेलिनो माझ्या डाव्या हाताला उभा असतो.
तिमोरचा. सहा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट, तीन संपले.
कागद माझ्या नाकापुढे धरून म्हणाला,
ग्लेंडा, चारशे अठरातले हे त्र्याऐंशी पौंड साठ कुणी नेले?

कोड बघितला. बी आर.
म्हणजे पहिल्या पौंडापासूनच पाचातला एक.
म्हटलं, पहिल्या दिवशी फॉर्मवर कुठल्या चौकोनात खूण केलीस?
त्यानं हवेत तीन चौकोन काढले,
बोट तिसऱ्यावर टेकवलं.
तोच का?
अंगठ्याजवळ होता. आणि नेविल म्हणत होता, पटकन, पटकन.

तिसरा चौकोन म्हणतो, मला आणखी एक नोकरी आहे.
आम्ही दोघं हसलो. रासा पलीकडून म्हणाली,
असेल तर मलाही दे.

मग मी मार्कर घेतला आणि रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला
त्याला वजाबाकी मांडून दाखवली.
हे बघ, टॅक्सला हातचा असतो.
तो वर्षभराचं लक्षात ठेवतो.
कोड सुधारून घे, जास्तीचं परत येईल,
उशिरा येईल, पण येईल.
नॅशनल इन्शुरन्सला हातचा नाही.
त्याच्यासाठी प्रत्येक आठवडा सुटा.
दोनशे बेचाळीसच्या वर जे काही, त्यातले शंभरामागे आठ:
चौदा पौंड, आठ पेन्स.
मागच्या आठवड्यात तुला काम होतं की नव्हतं,
तो विचारत नाही.

मागच्या आठवड्यात नव्हतंच. हिमकडा पडला होता,
शेतातल्या कळ्या जमिनीला चिकटून बसल्या,
दोनच पाळ्या मिळाल्या, एकशे अठरा पौंड.
त्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात नुसती शून्यं.
पोरं खूश झाली. पूर्ण पैसे!
मी काही बोलले नाही.
एकशे पंचवीसच्या आतला आठवडा
पेन्शनच्या वहीत चढतच नाही.
पाठ मोडली ती मोडली,
सरकारदरबारी तू त्या आठवड्यात कुठे होतास कोण जाणे.

माझे असे पुष्कळ आहेत.
बीटच्या शेतात रोख घेतलेली चार वर्षं,
पाकीट भरलेलं, वही कोरी.
आईच्या उशाशी काढलेली दोन;
त्यासाठीही एक फॉर्म होता म्हणे,
मला कुणी सांगितला नाही,
आणि आईला तर मी कोण हेही शेवटी आठवेना.
पस्तीस लागतात. माझी एकतीस भरली.
त्रेसष्ट वय, गुडघे सत्तरचे.

अबेलिनोनं विचारलं,
मग तुला हे चौदा पौंड कापलेले आवडतात?
आवडतात कसले, मी म्हटलं.
पण स्लिप आली की आधी तोच रकाना बघते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कालव्याच्या बांधावर गेलो.
तिथे दोन काड्या सिग्नल मिळतो.
वॉशकडून वारा येत होता, झाड म्हणून नाही कुठे,
आडोसा म्हणजे एकमेकांचाच.
हेल्पलाइनवर पियानो वाजत राहिला.
तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
अबेलिनो मान डोलवत ऐकत होता,
आपल्यालाच कुणी म्हणतंय अशा चेहऱ्यानं.
सव्वीस मिनिटं झाली आणि भोंगा वाजला.
सुट्टी तिसाची; चार मिनिटं चालत परत यायला.

उद्या पुन्हा, तो म्हणाला.
उद्या शनिवार, म्हटलं. सोमवारी.

परत येऊन बघते तर ते खोकं नाही.
रासानं भरून, टेप मारून ट्रकवर चढवलं होतं.
आता लीड्सला कुणीतरी ते उघडेल,
मिटलेल्या कळ्या बादलीत ठेवेल,
आणि तळाशी माझ्या अक्षरात
चारशे अठरा, वजा त्र्याऐंशी साठ, वजा चौदा शून्य आठ,
आणि कोपऱ्यात, का कुणास ठाऊक मी लिहिलेले,
पस्तीस वजा एकतीस.
उत्तर लिहायचं राहिलं होतं.