कपाट क्रमांक सात

दांडिया बाजारातल्या वाचनालयात
रहस्यकथा तीन नंबरच्या कपाटात असतात,
पंख्याखाली.
माझी सातमध्ये आहे.

तिच्यात विश्वामित्रीच्या पुलाखाली एक बूट सापडतो,
मगरीनं न खाल्लेला.
बूट, एक सराफ, आणि खोटं बोलणारी नर्स.
जात कुणाचीच सांगितलेली नाही;
वेळच नव्हता, प्रेत सापडायचं होतं.

पुण्याच्या प्रकाशकानं वाचून विचारलं,
"गायसमुद्रे, यात तुमची वेदना कुठंय?"
म्हटलं, पान नव्वद, नर्सची दाढ दुखते.
तो हसला नाही.
मुखपृष्ठावर मी मगर मागितली होती.
आली वळलेली मूठ.

दिघेकाका भला माणूस. कार्डावर
सुवाच्य अक्षरात लिहितात : दलित साहित्य,
आणि खाली, बारीक : बृहन्महाराष्ट्र.
"मानाचं कपाट आहे," म्हणतात.
आहेच. माझ्या बापानं आयुष्यातलं पहिलं पुस्तक
याच कपाटातून नेलं,
परत केलं नाही, अजून घरी आहे.
म्हणून मी भांडत नाही.
फक्त मंगळवारी, काका चहाला गेले की
माझं पुस्तक तीनमध्ये सरकवतो.
गुरुवारी ते पुन्हा स्वगृही असतं.

काल मात्र पान एक्केचाळीसवर
कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं :
खुनी सराफच!

चूक.
साफ चूक.
दोन कपाटांच्या मधे उभा राहून
मी किती वेळ हसत होतो.